दूध बंद करू का? आधी तुपाचा डबा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३, हिंजवडीत आयटीत नोकरी, घर शाकाहारी. एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १५२, बी१२ १४०, वडिलांची अँजिओप्लास्टी एकोणसाठाव्या वर्षी झालेली. फॅमिली डॉक्टर म्हणाले दूधतुपाचं जरा बघा, बायकोने कुठले तरी व्हिडिओ बघून जाहीर केलंय की आजपासून दूध पूर्ण बंद, आणि आई रात्री हळद-दुधाचा ग्लास घेऊन उभी. तर दुधाने पुढच्या वीस-तीस वर्षांत नक्की काय होतं, आणि बंद करावं का?

मी पुण्यात बावीस वर्षं डाएटिशियन म्हणून काम करतेय आणि हा प्रश्न, वय आणि आकडे थोडे इकडेतिकडे करून, आठवड्यातून दोनदा तरी येतोच. दूध अमृत आहे म्हणणारे आणि दूध विष आहे म्हणणारे, दोघंही दूध म्हणजे एकच वस्तू धरून चालतात, तिथेच गडबड आहे. ताक, श्रीखंड, पनीर, कढवलेलं तूप आणि चहातलं दूध या सगळ्यांना मिळून 'डेअरी' म्हणायचं म्हणजे भाकरी, शंकरपाळे आणि बिअर या सगळ्याला 'धान्य' म्हणण्यासारखं आहे. म्हणून चालू की बंद हे बाजूला ठेवा, तुमच्या घरात दूध आल्यापासून त्याचं काय काय होतं ते आधी बघू.

मागच्या वर्षी एक जोडपं आलं होतं, तुमच्यासारखंच, घरात चार माणसं. बाई पहिल्यांदाच म्हणाल्या, मॅडम आमच्याकडे फॅट नाहीच, आम्ही दूध साय काढूनच पितो. मी विचारलं सायीचं काय करता? तर म्हणे काय करणार, विरजण लावते, आठवड्याने लोणी काढते, तूप कढवते, बाहेरचं तूप आमच्याकडे येतच नाही. बरं, मुलांना बेरी साखर घालून. आता हे अगदी सुगरणीचं काम आहे, मला त्यात काही वाईट वाटत नाही, पण हिशोब बघा. रोज दोन लिटर फुल क्रीम दूध यायचं. पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, फुल क्रीम म्हणजे ६ टक्के फॅट, म्हणजे दोन लिटरमध्ये साधारण १२० ग्रॅम. साय काढली की त्यातला पन्नासेक ग्रॅम बाजूला गेला आणि महिन्याला दीड किलो तूप झालं. ते तूप कोणी खाल्लं? त्याच चार माणसांनी. आणि उरलेलं जे 'साय काढलेलं' दूध, त्यात अजूनही तीन-साडेतीन टक्के फॅट आहेच, म्हणजे ते टोन्ड दुधाच्याच जवळपास आहे, स्किम्ड वगैरे अजिबात नाही. म्हणजे फॅट घराबाहेर गेलंच नाही, नुसतं पातेल्यातून डब्यात गेलं. माणशी रोजचे ३० ग्रॅम दुधाचे फॅट, त्यातले अठरा-एकोणीस ग्रॅम सॅच्युरेटेड. दोन हजार कॅलरीच्या माणसाला सॅच्युरेटेड फॅटची वरची मर्यादा साधारण २२ ग्रॅम धरतात. म्हणजे फोडणीचं तेल, ऑफिसमधलं सँडविच, संध्याकाळचा वडापाव यांना जागाच नाही उरली, आणि ते तर खाल्ले जातातच की.

ते गृहस्थ म्हणाले, पण आमचे आजोबा वाटीने तूप प्यायचे आणि ८८ वर्षं जगले. हे वाक्य मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. आजोबा शेतावर चालत जायचे, आणि मुख्य म्हणजे जे आजोबा ५५ ला गेले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

आता एलडीएलचं. सॅच्युरेटेड फॅट वाढलं की बहुतेकांचं एलडीएल वाढतं, हे जुनं आणि पक्कं आहे, पण दुधातलं फॅट सगळीकडे सारखं वागत नाही, हे मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत जास्त स्पष्ट झालंय. दुधात फॅटचे जे बारीक थेंब असतात त्यांच्याभोवती एक पातळ पापुद्रा असतो. दूध, साय, चीज यांत तो बराचसा टिकतो, लोणी घुसळताना फुटतो आणि तुपात तर राहतच नाही. २०१५ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ५७ जाड्या लोकांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाचं फॅट दिलं, एका गटाला क्रीममधून आणि दुसऱ्याला बटर ऑइलमधून, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ तुपातून. फॅट तेवढंच, पण तूपवाल्यांचं एलडीएल वाढलं आणि क्रीमवाल्यांचं वाढलं नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर उड्या मारू नका आणि उद्यापासून वाटीने साय खायला लागू नका. पण माझ्या ओपीडीत जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं: एलडीएल वाढलेल्या शाकाहारी घरांत दोषी बहुतेकदा दुधाचा ग्लास नसतो, तूप-लोणी, फरसाण आणि बेकरी असते.

मोठ्या अभ्यासांचं विचारलंत म्हणून सांगते, आणि हेही सांगते की त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्युअर नावाचा अभ्यास आला, २१ देशांतले एक लाख ३६ हजार लोक, सुमारे नऊ वर्षं पाठपुरावा, भारतही त्यात होता. दिवसाला दोनहून जास्त वेळा दूध-दही खाणाऱ्यांत मृत्यू आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार, विशेषतः स्ट्रोक, कमी दिसले. बटरसाठी तसं काही दिसलं नाही. लगेच डेअरीवाल्यांनी ढोल वाजवले. पण आपल्याकडे रोज दोन वेळा दूध-दही कोणाला परवडतं? ज्याच्याकडे पैसा आहे, डॉक्टर जवळ आहे, फळं पण आहेत त्याला. हे सगळं हिशोबातून वजा केलं असं संशोधक म्हणतात, पण पूर्ण वजा होत नाही. उलट बाजूला २०१४ चा स्वीडनचा अभ्यास आहे, ६१ हजार बायका आणि ४५ हजार पुरुष. तिथे दिवसाला तीन किंवा जास्त ग्लास दूध पिणाऱ्या बायकांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं आणि हाडं मोडायची कमी झाली नाहीत, दही आणि चीजच्या बाबतीत मात्र चित्र उलटं. तुमच्या बायकोने बघितलेला व्हिडिओ बहुधा याच अभ्यासावर उभा असणार. पण तीन ग्लास म्हणजे ६०० मिली नुसतं दूध, आपल्याकडे कोण मोठा माणूस एवढं पितो हो? दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत, कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. दोन्हीतून मी एवढंच घेते की दही-ताकाची बाजू सगळीकडे बरी दिसते आणि लोण्याची कुठेच फारशी चांगली दिसत नाही.

बीपीसाठी मात्र नीट प्रयोग आहे, १९९७ चा डॅश. ४५९ जणांना आठ आठवडे ठरवून जेवण दिलं, मीठ सगळ्यांना सारखंच. नुसती फळं-भाज्या वाढवल्या तर वरचं बीपी तीनच्या आत उतरलं, आणि फळं-भाज्यांसोबत कमी फॅटचं दूध-दही घालून एकूण फॅट कमी केलं तर साडेपाचने, ज्यांना आधीच बीपी होतं त्यांचं तर अकराने. यात एक टीप आपल्यासाठी. आपण ताक पितो आणि त्यात मीठ घालतो, सढळ हाताने. तांब्याभर ताकाला अर्धा चमचा मीठ म्हणजे अडीच-तीन ग्रॅम, आणि दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. आईंना बीपी असेल तर ताकात जिरेपूड, आलं, कोथिंबीर, हिंग सगळं घाला, मीठ चिमूटभरच. विकतच्या मसाला ताकाचं पाकीट उलटं करून सोडियम वाचा एकदा.

बी१२ वर मी जरा जास्त बोलणार आहे कारण तुमच्या रिपोर्टमधली मला जास्त काळजीची गोष्ट एलडीएल नाही, हा १४० चा आकडा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांचं बी१२ तपासलं होतं, तर दोन-तृतीयांश लोकांचं कमी निघालं. म्हणजे तुम्ही एकटे नाही, अर्धी सोसायटी तुमच्या सोबत आहे. शाकाहारी माणसाला बी१२ नैसर्गिकरीत्या दुधातूनच काय ते मिळतं, भाजी-डाळ-धान्यात ते नाही, स्पिरुलिना वगैरेत असल्याचे दावे करतात पण ते शरीराला उपयोगी पडणारं बी१२ नसतं. याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात, जो १९९३ ला सुरू झाला, असं दिसलं की दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त खाणाऱ्या बायकांची बाळं जन्मतः थोडी भरलेली होती, आणि पुढे ज्या मुलांच्या आयांचं गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडवालं जीवनसत्त्व) जास्त होतं त्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं, जास्त सापडला. आहाराचा दीर्घकाळचा परिणाम कधीकधी पुढच्या पिढीत दिसतो तो असा.

आता तुम्ही म्हणाल, मी तर दूध घेतोय मग १४० कसं? घरचा चहाचा कप घ्या आणि पाण्याने मोजा. बहुतेक घरचे कप १०० ते १२० मिलीचे असतात, त्यात दूध तिसरा हिस्सा, म्हणजे चाळीसेक मिली. पाच कप चहा म्हणजे २०० मिली दूध, आणि तेही खळाखळा उकळलेलं. १०० मिली दुधात बी१२ अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास, गरज दिवसाला दोन-सव्वादोन. पूर्ण भागतच नाही. त्याच पाच कपांत दोन-दोन चमचे साखर गेली की झाली पन्नास ग्रॅम साखर. म्हणजे तुम्ही दूध पीत नाही आहात, तुम्ही साखर पिताय आणि दूध तिला रंग देतंय. १४० ला आहाराने भरून येत नाही, गोळ्या की इंजेक्शन ते तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि चालू करा. शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही सांगा, दोन्हींनी बी१२ कमी होतं. आणि बायकोला व्हेगन व्हायचंच असेल तर खुशाल व्हावं, नीट केलं तर जमतं, फक्त बी१२ ची गोळी आयुष्यभर, त्यात 'बघू नंतर' नाही, हातापायाला मुंग्या यायला लागल्यावर बघायचं नसतं ते.

पण दूध काढलंत तर त्या जागी काय येणार आहे? मी बघितलेल्या दहा 'दूध बंद' घरांपैकी सात-आठ घरांत दह्याच्या वाटीच्या जागी लोणचं-पापड आला, आणि सकाळच्या दुधाच्या जागी बिस्किटं किंवा गोड केलेलं पाकिटातलं बदामाचं दूध, ज्यात बदाम नावापुरते आणि प्रोटीन जवळजवळ शून्य. भारतीय माणूस आधीच बासष्ट टक्के कॅलरी कार्बोहायड्रेटमधून खातो असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीत निघालंय, आणि डायबेटिसचे रुग्ण दहा कोटींच्या वर. अशा ताटातून दह्याची वाटी काढून पोळी वाढवली तर हृदयासाठी चांगलं काय केलं आपण? उलट दूध काढून सोयाबीन, मटकीची उसळ, शेंगदाणे, तीळ-जवसाची चटणी आली तर चित्र चांगलं होईल. हैदराबादच्या एनआयएनने, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेने, २०२४ मध्ये जे दिवसाचं ताट सांगितलंय त्यात दूध-दही मिळून ३०० मिली आहे आणि तूप-तेल सगळं मिळून २७ ग्रॅम. मी बहुतेकांना हेच सांगते, तीनशे पुरे.

हाडांचं मी थोडक्यात उरकते. मोठ्या माणसाला कॅल्शियम दिवसाला १००० मिग्रॅ सांगितलंय, १०० मिली दुधात साधारण १२०. तीनशे मिलीतून तिसरा हिस्सा भागतो, बाकी नाचणी, तीळ, राजगिरा, शेवगा, हरभऱ्याचा पाला. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास आहे पण एका भाकरीला पीठ लागतं चाळीस-पन्नास ग्रॅम, हे विसरू नका. पालकात कॅल्शियम आहे पण अंगाला लागत नाही, ऑक्सलेटमुळे जेमतेम पाच टक्के शोषलं जातं, दुधातलं तीसेक टक्के. आणि ऊन, चालणं, जिना, थोडं वजन उचलणं नसेल तर दुधाची टाकी ओतली तरी हाडं तशीच. मुतखडा झाला म्हणून दूध बंद करणारे तर मला कळतच नाहीत, बहुतेक खडे ज्याचे होतात त्या ऑक्सलेटला जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवतं, १९९३ मध्ये ४५ हजार पुरुषांच्या अभ्यासात कॅल्शियम जास्त खाणाऱ्यांना खडे कमी झालेले दिसले होते. तरी आजही खडावाले पेशंट दही सोडून टोमॅटोच्या बिया वेचत बसतात.

ज्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, त्यांनी आपल्याला ॲलर्जी आहे असं घाबरून जाऊ नये. भारतात अर्ध्याहून जास्त मोठ्या माणसांना दुधातली साखर, लॅक्टोज, नीट पचत नाही, दक्षिणेकडे जावं तसं जास्त. लागलेल्या दह्यात ते कमी होतं आणि दह्यातले जंतू पचवायला मदत करतात, म्हणून ज्याला ग्लासभर दूध सोसत नाही त्याला वाटीभर दही-भात आरामात सोसतो. आपल्या आज्यांनी लॅक्टोज हा शब्द ऐकला नव्हता पण रात्रीच्या उरलेल्या दुधाला विरजण लावायचं त्यांना बरोबर कळत होतं.

लहान मुलांबद्दल, तुम्ही विचारलं नाही पण तुमच्याकडे दोन वर्षांची मुलगी आहे असं लिहिलंय म्हणून. दुधात लोह नसल्यासारखंच आहे आणि कॅल्शियम बाकीच्या जेवणातलं लोहही अडवतं. माझ्याकडे एक पोरगं आणलं होतं, गोरंपान म्हणून आजी खूश, दिवसाला बाटलीने लिटरभर दूध, वरण-भाताचे दोन घास. गोरं नव्हतं ते, पांढरंफटक होतं, हिमोग्लोबिन पावणेआठ. वर्षाच्या आत वरचं दूध मुख्य आहार म्हणून नाही, आणि नंतर दिवसाला चारशे-पाचशे मिलीच्या वर नाही, बाटली बंद, फुलपात्रातून. चॉकलेटी पावडरी घालून पाजत असाल तर डब्यावरचा साखरेचा आकडा बघा, २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन दुकानांना अशा पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं उगाच सांगितलं नाही. बायकोला हिमोग्लोबिनची गोळी चालू असेल तर ती चहा-दुधासोबत नको, लिंबू सरबतासोबत. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटी पाण्यासोबत, चहा अर्ध्या-पाऊण तासाने.

ए२ दुधाचं, म्हणजे ए२ प्रकारचं प्रोटीन आहे म्हणून महाग विकतात त्या दुधाचं, विचारणार हे मला माहितीये. लिटरला दीडशे देऊन आणू नका. आपल्या देशी गायी आणि म्हशींचं दूध बहुतांशी ए२ च असतं, आणि त्याने हृदयविकार किंवा डायबेटिस टळतो असा भक्कम पुरावा नाही. धारोष्ण दूधही नको. कोल्हापूरला गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीखालचं फेसाळ दूध प्यायची मजा मला माहीत आहे, माझं माहेर तिकडचंच आहे, पण ब्रुसेला आणि टीबीचे जंतू मजा बघत नाहीत. पनीर स्वस्त मिळालं तर पाकिटावर 'ॲनालॉग' लिहिलंय का बघा, ते दुधाचं नाही, पामतेल वगैरे घालून केलेलं असतं, आणि 'फ्रोझन डेझर्ट'चंही तेच. श्रीखंड हा मी दुधाचा पदार्थ धरतच नाही, चक्क्याला बरोबरीने साखर पडते, पाडव्याला मस्त खा, पण कॅल्शियमसाठी म्हणून खाऊ नका.

तर तुमच्यापुरतं. दूध बंद नको. पिशवी बदला, फुल क्रीमऐवजी टोन्ड किंवा डबल टोन्ड घ्या, ३ टक्के नाहीतर दीड टक्का, प्रोटीन-कॅल्शियम तेवढंच राहतं. दुपारी वाटीभर घरचं दही, रात्री एक भांडं ताक किंवा आईंचं हळदीचं दूध, दोन्ही नाही. दूध घेतलंत तर दीडशे मिली आणि बिनसाखरेचं, त्यांचं मन राहील. चहा पाचावरून दोनवर, साखर अर्धा चमचा. तूप दिवसाला एक छोटा चमचा, वरण-भातावर, जिथे त्याचा वास येतो तिथे, पोळीला आणि भाजीला लपून जाणारं नको. वडिलांचा इतिहास बघता १५२ ला नुसत्या आहारावर विसंबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करून डॉक्टरांकडे जा, त्यांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सांगितलं तर व्हॉट्सॲपवर विचारत बसू नका.

आणि आज तुपाचा जो डबा भराल त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून तारीख लिहा. किती दिवसांत संपला ते बघून मला कळवा, मग पुढचं बोलू.